‘नासाने सिद्ध केलेलं’ बिनइंधनाचं इंजिन

गैरसमज : मागे काहीही न फेकता यान पुढे ढकलणारं ‘ईएमड्राइव्ह’ इंजिन नासाने सिद्ध केलं आहे.

वस्तुस्थिती : अवकाशयानांचा विषय निघाला की हा दावा हमखास पुढे येतो. तो चुकीचा आहे, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

ब्रिटिश अभियंता रॉजर शॉयर यांची ही कल्पना. एका बाजूला निमुळत्या होत गेलेल्या तांब्याच्या बंद डब्यात मायक्रोवेव्ह सोडायच्या, की डबा आपोआप सरकेल. पण एसटीत बसून समोरच्या दांड्याला कितीही रेटा दिला तरी एसटी हलत नाही. बाहेर काही जातच नसेल, तर संवेग येणार कुठून?

मग नासाचं काय? जॉन्सन स्पेस सेंटरमधल्या हॅरल्ड व्हाइट यांच्या छोट्या गटाने २०१६मध्ये निष्कर्ष छापले : किलोवॉटमागे १.२ मिलिन्यूटन जोर. प्रत्यक्ष चाचण्या जेमतेम ४० ते ८० वॉटच्या. म्हणजे मोजलेला जोर दहा मिलिग्रॅमच्या आसपासच्या वजनाएवढा. इतक्या बारीक मापात तारेतला प्रवाह आणि उष्णताही ‘जोर’ म्हणून नोंदली जाते.

ड्रेस्डेन तंत्र विद्यापीठात मार्टिन टायमार यांच्या गटाने नेमकं हेच तपासलं. २०१८मध्ये त्यांनी डब्यात जाणारी ऊर्जा जवळजवळ बंद केली, तरी ‘जोर’ कायम! पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आणि तारांमधला प्रवाह यांचा तो परिणाम असावा, असा संशय बळावला. २०२१मध्ये आणखी काटेकोर चाचण्या झाल्या. इंजिन तापतं, तराजूवर ते बसवणारे भाग किंचित वाकतात आणि काटा सरकतो, असं दिसलं. ती त्रुटी काढल्यावर जोर उरला नाही. एका गटाचं एक मापन म्हणजे ‘नासाने सिद्ध केलं’ नव्हे. दुसऱ्यांच्या तपासणीत जे टिकत नाही, ते सिद्ध झालेलं नसतं.

अवकाशयानांबद्दलचे आणखी काही गैरसमज :

‘रॉकेट हवेला रेटून उडतं.’ नाही. मागे फेकलेल्या वायूच्या प्रतिक्रियेने उडतं, म्हणूनच निर्वातातही चालतं.

‘आयन इंजिन ही कल्पनाच आहे.’ नासाचं ‘डॉन’ यान झेनॉन वायूचे आयन मागे फेकत वेस्टा आणि सेरेसपर्यंत पोहोचलं.

‘प्रकाशाच्या रेट्यावर चालणारं सौरशीड संवेगाचा नियम मोडतं.’ प्रकाशालाही संवेग असतो. जपानच्या ‘इकारोस’ने २०१०मध्ये त्यावर प्रवास करून दाखवला.

‘प्रकाशाहून वेगाने नेणारा वॉर्प ड्राइव्ह येऊ घातलाय.’ भौतिकशास्त्रज्ञ मिगेल अल्कुबिएरे यांचं १९९४चं गणित सापेक्षतेच्या समीकरणांत बसतं, पण त्याला लागणारी प्रचंड ऋण ऊर्जा कशी मिळवायची हे कुणालाच ठाऊक नाही.

नव्या इंजिनाची बातमी पुढे पाठवण्याआधी दोनच प्रश्न विचारा : संवेग कुठून येतो आणि दुसऱ्या प्रयोगशाळेने जोर मोजला का?