खांदेदुखी आणि ती रंगीत पट्टी

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बीच व्हॉलीबॉलचं सुवर्णपदक जिंकणाऱ्या केरी वॉल्शच्या खांद्यावरची काळी पट्टी जगभर दिसली. तीच ही किनेसिओलॉजी टेप. केन्झो कासे या जपानी कायरोप्रॅक्टरने ती १९७० च्या दशकात तयार केली. सुती, ताणली जाणारी आणि औषध अजिबात नसलेली!

मग आराम कसा पडतो? त्वचेला मिळणाऱ्या सततच्या स्पर्शामुळे वेदनेची जाणीव कमी होते, असं मानतात. खांद्याच्या स्नायूबंधांच्या दुखण्यावरच्या प्रयोगांचा २०२१ मधला कॉक्रेन आढावा मात्र सांगतो की, ठोस फायदा अजून सिद्ध झालेला नाही. तरीही मला ती आवडते, कारण दुखणं थोडं जरी सुसह्य झालं तरी व्यायाम करता येतो. खरा उपचार तोच.

लावताना त्वचा स्वच्छ, कोरडी हवी, तेल नको. पट्टीचे कोपरे गोल कापा, म्हणजे कपड्यात अडकून सुटत नाहीत. दोन्ही टोकं मुळीच न ताणता चिकटवा, ताण फक्त मधल्या भागात आणि तोही हलका. जास्त ओढलं की फोड येतात. शेवटी तळहाताने चोळा. उबेने गोंद धरतो. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडूनच लावून घ्या. ती तीन ते पाच दिवस टिकते. काढताना खोबरेल तेल लावून केसांच्या दिशेने हळूहळू सोडवा.

जखमेवर, पुरळावर लावू नका. डाव्या खांद्याच्या दुखण्यासोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल तर टेप राहू द्या, थेट रुग्णालय गाठा.