सात वर्षांत जनुकं बदलत नाहीत

लेकरू उंचीत आईबापांवर जातं, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांनी त्याला आकडा दिला: पोटभर खाणाऱ्या समाजात माणसामाणसांच्या उंचीतला सुमारे ८० टक्के फरक आनुवंशिक असतो.

आता हे पाहा. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं, तेही मुंबईत नव्हे, आपल्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत. पुढे त्याचा सगळा भर गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या १००० दिवसांवर आला: गरोदर बाईचं जेवण, बाळाला पहिलं चिकाचं दूध, सहा महिन्यांनंतरचा वरचा आहार. २००५-०६ मध्ये महाराष्ट्रातल्या दोन वर्षांखालच्या १०० बाळांत ३५ हून अधिक बाळांची वाढ खुंटलेली होती. २०१२ मध्ये ती २५ च्या आत आली! श्रेय एकट्या मिशनचं नाही, पण जनुकांचं तर मुळीच नाही. इतक्या थोड्या वर्षांत ती बदलतच नाहीत. इतकी आनुवंशिक असलेली उंचीसुद्धा ताटातल्या घासाने हलली.

मग बुद्धी? तिच्यातला साधारण निम्मा फरक आनुवंशिक भरतो, आणि वयाबरोबर हा वाटा वाढत जातो. पण २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ एरिक टर्कहायमर यांनी अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांचे बुद्ध्यंक तपासले, तेव्हा चक्रावून टाकणारी गोष्ट दिसली. सुखवस्तू घरांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा, गरीब घरांत जवळजवळ शून्य! (युरोपात हा भेद इतका ठळक दिसला नाही, हेही सांगायला हवं.)

असं का व्हावं? जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांचा दाखला आपल्या रानात आणू. ज्वारीचं सरमिसळ बी अर्धं काळ्या कसदार रानात पेरा, अर्धं मुरमाड माळावर. काळ्या रानात कोणतं ताट उंच, कोणतं बुटकं, हे बियाण्यावर ठरेल. पण माळावरचं सगळं पीकच खुरटलं, तर दोष बियाण्याचा नाही. आनुवंशिकतेचा टक्का एका रानातल्या फरकाबद्दल बोलतो. दोन रानांतल्या फरकाबद्दल तो मुका असतो.

ज्या काळात उंची खुंटते, त्याच काळात मेंदूतल्या जोडण्याही झपाट्याने होत असतात. लोह किंवा आयोडीन तेव्हा कमी पडलं, तर ती झीज पुढे शाळेत पुरती भरून निघणं अवघड. तेव्हा ‘त्यांच्या घराण्यातच डोकं नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्या लेकराची आई गरोदरपणी काय जेवत होती, हे आधी विचारा.