काचेच्या पेटीतील सोयरीक

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर दिवाळीची खरेदी आटोपली, की आकाशकंदिलाबरोबर कधी रंगीत माशांची पिशवीही घरी येते. मुलांचा हट्टच असतो : एक सोनेरी, एक काळा, एक पट्ट्यापट्ट्यांचा! आठ दिवसांत त्यांतले दोन मरून तरंगू लागतात आणि घरातले धाकटे माणूस जेवेनासे होते.

दोष माशांचा नसतो. सोयरीक चुकलेली असते. गोल्डफिश थंड पाण्याचा, टेट्रा उबदार पाण्याचा. टायगर बार्ब शेजाऱ्यांचे लांब पर कुरतडतो. एंजल वाढला की इवल्याशा निऑन टेट्राला गिळतो. फायटरचे दोन नर तर एकत्र नकोतच!

मग नवख्याने घ्यावे काय? गप्पी, मोली आणि प्लॅटी. तिघेही मिळूनमिसळून राहणारे आणि जड पाण्यात सुखाने नांदणारे. आपल्याकडच्या विहिरी-बोअरचे पाणी बहुधा जडच. डासांच्या अळ्या खाणारा गप्पी तर आपल्या परिचयाचा. मात्र एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात.

पेटी निदान 40 लिटरची हवी. नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. आरंभी तीन-चारच मासे सोडावेत. त्यांची घाण पचवणारे सूक्ष्म जंतू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. पुढे दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावे.

एवढे सांभाळले, तर तेच धाकटे माणूस लवकरच गप्पीची पिल्ले मोजताना दिसेल!