काळ्या डागांचे जीवशास्त्र

घराच्या भिंतीवर, छताच्या कोपऱ्यात किंवा कपाटाच्या मागच्या फळीवर उमटणारा प्रत्येक काळा डाग एकाच जातीच्या बुरशीचा नसतो. आणि ‘विषारी काळी बुरशी’ म्हणून गेल्या तीसेक वर्षांत जगभर बदनाम झालेली स्टॅकिबॉट्रिस चार्टारम ही जाती तर या डागांमध्ये तुलनेने क्वचितच सापडते. क्लॅडोस्पोरियम, अल्टर्नेरिया, अ‍ॅस्परजिलस नायजर अशा अनेक सामान्य बुरश्याही डोळ्यांना तितक्याच काळ्या दिसतात. हा काळेपणा मेलॅनिन किंवा तत्सम रंगद्रव्यांमुळे येतो आणि त्यांचे मुख्य काम बुरशीच्या पेशींचे ऊन, कोरडेपणा यांसारख्या ताणांपासून रक्षण करणे हे असते. विषाशी या रंगाचा संबंध नाही. त्यामुळे रंगावरून विषारीपणा ठरवण्याची सवय शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. भारतात या गोंधळात २०२१ साली आणखी भर पडली, कारण कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरलेल्या म्युकरमायकोसिसलाही बातम्यांमधून ‘काळी बुरशी’ हेच नाव मिळाले. त्या आजाराची बुरशी मुळात काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते आणि मेलेली ऊती काळी पडते. स्टॅकिबॉट्रिस मात्र शरीरात वाढून संसर्ग करणारी बुरशी म्हणून ओळखली जात नाही. तिचा सारा संसार भिंतीवरच चालतो.

या प्रजातीचे पहिले वर्णन ऑगस्ट कोर्डा या कवकशास्त्रज्ञाने १८३७ साली केले आणि त्याला तिचा नमुना मिळाला तो प्राग शहरातील एका घराच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर. तिच्या खाण्याच्या आवडीनिवडी पाहता ही जागा अगदी अपेक्षित म्हणावी लागेल. बुरशीला वनस्पतींप्रमाणे स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. तिचे केसाहून बारीक धागे, म्हणजे कवकतंतू, ज्या पदार्थावर पसरतात त्यावरच विकरे, म्हणजे पचन घडवणारी प्रथिने, सोडतात, अन्न शरीराबाहेरच विरघळवतात आणि मग शोषून घेतात. स्टॅकिबॉट्रिसची विकरे सेल्युलोज फोडण्यात विशेष तरबेज असतात, आणि सेल्युलोज हा कागद, पेंढा, ताग, सुती कापड व लाकूड या सर्वांचा मुख्य घटक आहे. नायट्रोजन अत्यल्प असलेल्या अशा रुक्ष अन्नावरही तिचे भागते, पण पाण्याच्या बाबतीत मात्र ती मुळीच तडजोड करीत नाही.

एखाद्या पदार्थातील किती पाणी बुरशीला प्रत्यक्ष वापरता येईल, हे शून्य ते एक या मापात मोजतात आणि त्या मापाला जल-क्रियाशीलता म्हणतात. शुद्ध पाण्याची जल-क्रियाशीलता एक असते. अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम यांच्या अनेक जातींना ०.८ किंवा त्याहूनही कमी जल-क्रियाशीलता पुरते, म्हणून मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर आणि पट्ट्यांवर केवळ दमट हवेने बुरा चढतो. क्लॅडोस्पोरियमला साधारण ०.८ ते ०.९ लागते. स्टॅकिबॉट्रिसला ०.९ च्याही वर, जवळजवळ भिजलेल्या अवस्थेइतके पाणी लागते आणि तेही दीर्घकाळ लागते, कारण तिची वाढ संथ असते आणि जलद वाढणाऱ्या बुरश्यांपुढे तिचा निभाव लागत नाही. त्यामुळे ओल्या भिंतीवर बुरश्यांचा एक क्रम लागतो आणि त्यात तिचा नंबर शेवटचा असतो. ती दिसली की हवा दमट आहे एवढ्यावर समाधान मानता येत नाही. नळ गळतो आहे, गच्चीतून पाणी झिरपते आहे किंवा पुराचे पाणी आत मुरून राहिले आहे, असा अर्थ घ्यावा लागतो.

विटा, सिमेंट किंवा चुना यांत तिला खाण्याजोगे फारसे काही नसते आणि ताज्या गिलाव्याचा अल्कधर्मही बुरशीला मानवत नाही. विसाव्या शतकात अमेरिकेत आणि मग अन्यत्र जी घरे उभी राहिली, त्यांच्या आतल्या भिंती मात्र जिप्सम बोर्डाच्या असतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी जाड कागद चिकटवलेल्या जिप्समच्या तक्त्यांच्या. जिप्सम पाणी धरून ठेवते, कागद अन्न पुरवतो आणि भिंतीच्या पोकळीत हवा खेळत नाही. या बुरशीसाठी मुद्दाम सोय करायची ठरवली असती तरी याहून चांगली जमली नसती. डेन्मार्कमधील संशोधकांना तर दुकानातून आणलेल्या नव्या, न वापरलेल्या बोर्डांतही तिचे सुप्त बीजाणू आढळले, म्हणजे घर बांधतानाच ते भिंतीत बसवले जातात आणि केवळ पाण्याची वाट पाहत राहतात. आपल्याकडच्या जुन्या घरांत हा धोका कमी असला, तरी जिप्समचे फॉल्स सिलिंग, वॉलपेपर आणि प्लायवूडची पॅनेल ज्या वेगाने शहरी घरांत शिरली आहेत, तो वेग पाहता हे समाधान फार काळ पुरणारे नाही.

काळ्या डागावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती काचपट्टीवर लावली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर या बुरशीची ओळख बहुधा लगेच पटते. उभ्या दांड्याच्या टोकाला फुगीर पेशींचा झुपका असतो आणि त्यावर लंबगोल, गडद, खडबडीत बीजाणू चिकट द्रवात लडबडून एका गोळ्यात बसलेले असतात; प्रत्येक बीजाणूची लांबी मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढी असते. हा चिकटपणा महत्त्वाचा आहे. पेनिसिलियमचे कोरडे बीजाणू साध्या झुळुकीने उडतात, तर हिचे बीजाणू ओले असेपर्यंत जागचे हलत नाहीत. भिंत वाळल्यावर, आणि विशेषतः कोणी ती खरवडल्यावर किंवा तोडल्यावर, ते धुळीबरोबर हवेत मिसळतात. परिणामी हवेचा नमुना तपासून ‘बुरशी नाही’ असा निर्वाळा मिळालेल्या घरात भिंतीच्या आत ती भरपूर असू शकते.

तिच्या विषांपैकी सर्वांत तीव्र गट ट्रायकोथेसीन या रसायनांचा असून सॅट्राटॉक्सिन हे त्यांतील प्रमुख नाव आहे. पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोम या सूक्ष्म यंत्रणेला ही द्रव्ये चिकटतात आणि प्रथिननिर्मितीच थांबवतात, त्यामुळे वेगाने विभागणाऱ्या पेशींना, म्हणजे तोंडाच्या व आतड्याच्या अस्तराला आणि अस्थिमज्जेला, पहिला तडाखा बसतो. मात्र या जातीचे सर्वच वाण सॅट्राटॉक्सिन बनवीत नाहीत. काही वाण त्याऐवजी अ‍ॅट्रानोन नावाची वेगळी, सौम्य द्रव्ये बनवतात आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात.

या विषाचा खरा प्रताप प्रथम दिसला तो घरांत नव्हे, तर तबेल्यांत. १९३० च्या दशकात युक्रेनमध्ये घोडे मोठ्या संख्येने मरू लागले. तोंडात व्रण, रक्तस्राव आणि रक्तातील पांढऱ्या पेशींची घसरण अशी लक्षणे दिसत होती. तो काळ स्टालिनच्या दडपशाहीचा असल्याने संशय आधी माणसांवर गेला आणि घोड्यांना विष घातल्याच्या आरोपाखाली लोकांना अटक झाली, असे निकिता ख्रुश्चेव्ह यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे. पुढे शास्त्रज्ञांनी दोष भिजून बुरसटलेल्या पेंढ्यातील या बुरशीवर ठेवला. अशा पेंढ्याशी रोजचा संबंध येणाऱ्या माणसांनाही त्वचेचे व श्वसनाचे त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. घोडे ती बुरशी दिवसेंदिवस, किलोंच्या हिशेबात खात होते. घरात राहणाऱ्या माणसाच्या नाकात जाणाऱ्या बीजाणूंशी त्या मात्रेची बरोबरी होऊ शकत नाही, हा फरक नंतरच्या चर्चेत अनेकदा निसटला.

तो निसटला १९९० च्या दशकात. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात १९९३ व १९९४ या दोन वर्षांत दहा तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला, आणि त्यांच्या पाणी मुरलेल्या घरांत स्टॅकिबॉट्रिस अधिक आढळल्याचे प्राथमिक तपासात म्हटले गेले. बातम्या, खटले आणि भीती यांची लाट उसळली. परंतु अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आपल्याच तपासाची फेरतपासणी करून २००० साली जाहीर केले की नमुने घेण्याच्या व मोजणीच्या पद्धतीत त्रुटी होत्या आणि बुरशीचा त्या आजाराशी संबंध सिद्ध झालेला नाही. सिद्ध झाला नाही म्हणजे तो खोटा ठरला असे नव्हे. तरीही एका शहरातील दहा रुग्णांवरून सबंध जगाने काढलेला निष्कर्ष पुराव्यापेक्षा बराच मोठा होता, हे मान्य करावेच लागते.

पक्का पुरावा आहे तो कमी सनसनाटी गोष्टींचा. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा २००४ चा अहवाल आणि जागतिक आरोग्य संघटनेची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वे या दोन्हींनुसार ओल आणि बुरशी असलेल्या घरांत खोकला, घरघर, दम्याचे झटके आणि श्वसनमार्गाच्या तक्रारी अधिक दिसतात. मात्र त्यांचे खापर एकाच जातीवर फोडता येत नाही, कारण ओल्या भिंतीवर अनेक बुरश्या, जिवाणू आणि धूळकिडे एकत्र नांदत असतात. याच कारणामुळे हवेत किती बीजाणू असले तर घर सुरक्षित मानावे, असा आरोग्यावर आधारलेला सर्वमान्य आकडा अद्याप ठरलेला नाही, आणि बुरशीची नेमकी जात शोधण्याच्या महागड्या चाचण्यांपेक्षा गळती शोधणाऱ्या प्लंबरवर केलेला खर्च बहुतेक घरांत अधिक सार्थकी लागतो.

भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळवली, तर बुरशीला सहसा मूळ धरता येत नाही. एकदा ती बोर्डाच्या कागदात रुजली की ब्लीच फवारून भागत नाही, कारण द्रावण वरवर राहते, कवकतंतू आत खोल असतात आणि मेलेल्या बीजाणूंतील विष व अ‍ॅलर्जी आणणारी प्रथिने तशीच उरतात. म्हणूनच असा बोर्ड काढायचा तो गळती बंद केल्यानंतर, आधी किंचित ओला करून, डागाच्या कडेपलीकडेही हातभर कापून आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून. काम करणाऱ्याच्या तोंडावर साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ मुखपट्टी लागते. फरशी, काच किंवा धातूवरची बुरशी मात्र साबणाच्या पाण्याने घासून काढता येते.