अलिबाग एका दिवसात: आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

मुंबई, ठाणे, नवी मुंबईतली मंडळी अलिबागला निघतात तेव्हा आधी गाडी कोणाची न्यायची ते ठरतं, मग जेवायचं कुठे ते ठरतं. किनाऱ्यावर उभं राहिल्यावर कळतं की कुलाबा किल्ला पाण्याने वेढलेला आहे आणि चालत जायची वाट उघडायला अजून चार तास आहेत. तोवर ऊन चढलेलं असतं, मुलं कंटाळलेली असतात. मग किल्ला लांबूनच बघून लोक परत फिरतात.

हे टाळणं अवघड नाही, आणि त्यासाठी जास्तीचा एक रुपयाही लागत नाही. समुद्राकाठच्या गावी सार्वजनिक वाहनाने एका दिवसात जाऊन यायचं असेल तर दोन वेळा घरून निघण्याआधीच माहीत हव्यात: ओहोटी कधी आहे आणि परतीचं शेवटचं वाहन कधी आहे. बाकी सगळं या दोन वेळांच्या मध्ये बसवता येतं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावाला हे लागू आहे. अलिबागला सर्वात जास्त, कारण तिथली मुख्य बघायची गोष्टच समुद्रात उभी आहे.

ओहोटीची वेळ वर्तमानपत्रात आणि मोबाइलवर मिळते. पण कोकणातल्या लोकांचा जुना हिशेब शिकून घेण्यासारखा आहे, कारण तो महिनाभर आधी बेत आखायला उपयोगी पडतो. त्याला फक्त भिंतीवरचं कॅलेंडर लागतं. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. तिच्या साधारण सव्वासहा तास आधी आणि नंतर ओहोटी. म्हणजे चतुर्थीला सकाळी पावणेनऊ-नऊच्या सुमारास पाणी सर्वात खाली गेलेलं असतं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून ओहोटी भर दुपारी बाराच्या आसपास. पौर्णिमेनंतर किंवा अमावास्येनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरती त्याच्यामागून तेवढीच सरकते, हे या पाऊणपटीमागचं कारण. पंधरा-वीस मिनिटांचा फरक पडतो, तेवढा धरून चालायचं.

एवढ्यावर भागत नाही. ओहोटी किती खोल आहे हेही बघावं लागतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं. भरतीला पाणी खूप चढतं आणि ओहोटीला तितकंच खाली जातं, वाट कोरडी पडते. अष्टमी ते दशमीच्या सुमाराला भांग असतो. तेव्हा पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. त्यामुळे अष्टमीची दुपारी बाराची ओहोटी कागदावर सोयीची दिसली, तरी किल्ल्याच्या वाटेवर पाणी राहण्याची शक्यता असते. उलट ऐन पौर्णिमेला ओहोटी छान खोल असते, पण ती पहाटे आणि संध्याकाळी येते. म्हणजे एका दिवसात जाऊन येणाऱ्याच्या हातून ती जाते.

या दोन्हींचा मेळ घातला की कामाचे दिवस आपोआप निघतात. चतुर्थी, पंचमी आणि षष्ठी सकाळी जाणाऱ्यांसाठी: ओहोटी नऊ ते पावणेअकराच्या दरम्यान. द्वादशी आणि त्रयोदशी दुपारी जाणाऱ्यांसाठी: ओहोटी सव्वातीन ते चारच्या सुमारास. कृष्ण आणि शुक्ल, दोन्ही पक्षांना हेच लागू, त्यामुळे महिन्यातून चांगले दहाएक दिवस मिळतात. त्यात पंचमी मला सर्वात पसंत. पहाटे घर सोडलेला माणूस पाणी सर्वात खाली जायच्या आधी वाळूवर असतो, आणि ऊन कडक व्हायच्या आत किल्ला बघून परततो.

आता जायचं कसं. दोन वाटा आहेत, एक पाण्याची आणि एक एसटीची.

पाण्याची वाट गेटवे ऑफ इंडियापासून मांडव्यापर्यंत. खासगी कंपन्यांच्या बोटी सकाळी लवकर सुरू होतात आणि पाऊण ते एक तासात पलीकडे पोचवतात. मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर. बहुतेक बोटींच्या तिकिटातच तिथवरच्या बसचं भाडं धरलेलं असतं, म्हणून मांडव्याला उतरल्यावर रिक्षावाल्यांशी बोलण्याआधी हातातलं तिकीट नीट वाचावं. एका फेरीचे साधारण दोनशे रुपये धरावेत, वातानुकूलित जागेला जास्त. दर बदलतात, खिडकीवरचा फलक पाहूनच पैसे काढावेत. खरी स्वस्त वाट भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाणाऱ्या लाँचची. ती सावकाश जाते, बाकांवर आजूबाजूला गावाकडे निघालेली माणसं असतात, आणि रेवसला उतरलं की अलिबागला एसटी किंवा विक्रम-मिनीडोर रिक्षा मिळते. भाऊच्या धक्क्याहूनच २०२० पासून मांडव्याला रो-रो बोटही जाते. ती मोठी आहे, गाड्याही नेते. तिचं भाडं जास्त, त्यामुळे या बेतात ती बसत नाही.

पावसाळ्यात, मे संपत आला की गेटवेच्या बोटी बंद होतात आणि ऑगस्ट उलटल्यावर पुन्हा सुरू होतात. या बंदीवर कुणी कुरकुर केली की मला १७ जुलै १९४७ आठवावासा वाटतो. आषाढी अमावास्येचा दिवस होता. भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत कलंडली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यातली बहुतेक सणाला घरी निघालेली, अलिबाग-रेवस पट्ट्यातलीच होती. अजूनही त्या भागातल्या कितीतरी घरांत ही आठवण सांगितली जाते. बोट बंद आहे म्हटलं की ती बंद आहे. सुरू असेल तेव्हा जीवरक्षक जाकीट अंगात घालून बसावं, मांडीवर घेऊन नाही. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली, तेव्हा ना पाऊस होता ना वादळ.

एसटीची वाट बारमाही आहे. हार्बर लोकलने पनवेल, सीएसएमटीहून साधारण ऐंशी मिनिटं. पनवेल स्टेशन ते एसटी स्टँड चालत पंधरा-वीस मिनिटं किंवा शेअर रिक्षा. तिथून अलिबागच्या गाड्या दिवसभर सुटतात. विनाथांबा मिळाली तर उत्तम. पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड असा रस्ता, सुमारे दोन तास. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यांवर ठरतं. जानेवारी २०२५च्या वाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे दहाएक रुपये पडतात, म्हणून पनवेल-अलिबागसाठी माणशी सव्वाशे ते दीडशे धरावेत. महिलांना मार्च २०२३ पासून सगळ्या एसटी गाड्यांत निम्मं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, आणि ७५च्या पुढच्यांना मोफत. ज्येष्ठांनी ओळखपत्र बरोबर ठेवावं. चार मैत्रिणींनी मिळून जायचं असेल, किंवा आई आणि आजीला घेऊन, तर एसटीइतकं स्वस्त काही नाही: लोकल धरून माणशी जाऊन-येऊन दोनशेच्या आत.

पुण्याहूनही स्वारगेटच्या एसटीने अलिबाग गाठता येतं, पण जाता-येता आठ-नऊ तास गाडीतच जातात. पुणेकरांनी एक मुक्काम धरावा. पश्चिम रेल्वेवर राहणाऱ्यांना तर अलिबागपेक्षा केळवे सोपं. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल जाते. केळवे रोडला उतरून रिक्षाने किनारा गाठायचा.

अलिबागच्या एसटी स्टँडपासून समुद्र चालत वीसेक मिनिटांवर आहे. उतरल्या-उतरल्या एकच काम करायचं: चौकशीच्या खिडकीवर संध्याकाळच्या पनवेल गाड्यांच्या वेळा विचारून घ्यायच्या. मग सरळ किनारा. ओहोटी सुरू असेल तर किल्ला किलोमीटर-दीड किलोमीटरवर दिसतो आणि माणसं वाळूतून चाललेली असतात. पाणी सर्वात खाली जायच्या तासभर आधी निघावं आणि ते पुन्हा चढू लागायच्या आत परतीला लागावं. वाटेवर खडक आणि शेवाळ आहे, म्हणून पट्ट्याच्या चपला घालाव्यात. कितीही खात्री असली तरी घोडागाडीवाल्यांना किंवा जाळी आवरत बसलेल्या कोळ्यांना एकदा विचारावं. ‘भरती लागली’ असं त्यांनी म्हटलं की घड्याळाशी वाद घालू नये. किल्ल्यावर अडकणं म्हणजे पुढच्या ओहोटीपर्यंत थांबणं किंवा बोटीला पैसे मोजणं.

किल्ल्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी आपल्या अखेरच्या दिवसांत, १६८०च्या मार्चमध्ये सुरू करवलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. पुढे कान्होजी आंग्र्यांचं हे मुख्य ठाणं झालं. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून चढाई केली, तरी किल्ला हाती आला नाही. दगडांमध्ये चुना न भरता रचलेली तटबंदी थांबून बघण्यासारखी आहे. लाट आपटली की पाणी फटींतून आत झिरपतं आणि तिचा जोर मोडतो. भिंत तीनशे वर्षं उभी आहे त्याचं एक कारण हे. आत सिद्धिविनायकाचं मंदिर आहे, पायऱ्यांचा तलाव आहे आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर आहे. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन तोफा यॉर्कशायरमधल्या कारखान्यात ओतलेल्या आहेत. पुरातत्त्व खात्याचं तिकीट भारतीयांना पंचवीस रुपये. किल्ल्यावर खायला-प्यायला फारसं मिळेल असं धरू नये, पाणी बरोबर न्यावं आणि रिकामी बाटली परत आणावी.

उरलेल्या दिवसात लोक मुरूड-जंजिरा गाठायला बघतात. माझं स्पष्ट मत आहे, करू नये. अलिबागहून मुरूड पन्नासेक किलोमीटर, रस्ता वळणांचा, आणि जंजिऱ्याच्या होड्यांना वेगळा वेळ लागतो. मग दिवसभर गाडीच बघून होते. त्यापेक्षा अलिबाग गावात फिरावं. कान्होजींची समाधी गावातच आहे. बेने इस्रायली समाजाचं मागेन अबोथ हे प्रार्थनास्थळ आहे. अली नावाच्या एका धनिक बेने इस्रायलीच्या बागांवरून गावाला नाव पडलं, असं इथे सांगतात. चुंबकीय वेधशाळेचा इतिहास तर मुंबईकराने जाणून घ्यावाच. मुंबईत ट्राम विजेवर धावणार म्हटल्यावर कुलाब्यातल्या वेधशाळेची नाजूक यंत्रं बिघडलेली नोंद देतील हे लक्षात आलं, आणि विजेच्या गोंगाटापासून लांब म्हणून १९०४ साली अलिबागची निवड झाली. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी तिथे आजही होतात.

जेवणाचा खर्च माशावर ठरतो. पापलेट किंवा सुरमईची थाळी मागवली की बेताचं गणित कोलमडतं. मांदेली, बांगडा किंवा ओले बोंबील मागवावेत. ताजे असतील तर महागड्या माशाची आठवणही होत नाही. किनाऱ्याला लागून असलेल्या हॉटेलांपेक्षा बाजारपेठेतल्या खाणावळी बऱ्या. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ताजा मासा कमी आणि महाग, हे लक्षात ठेवावं. घरी नेण्यासाठी फेब्रुवारी ते मेदरम्यान पांढऱ्या कांद्याची माळ घ्यावी. २०२१ मध्ये या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण कार्ले-खंडाळे भागातल्या शेतकऱ्यांनी तो त्याआधी कितीतरी पिढ्या जपला. माळ विणलेली असते म्हणून एसटीत वरच्या कप्प्याला टांगूनही नेता येते.

राहिला परतीचा प्रश्न. मांडव्याच्या बोटी संध्याकाळ सरता सरता थांबतात, आणि अलिबागहून मांडव्याला नेणारी बस त्याच्या तासभर आधी सुटते, म्हणून बोटीने परतणाऱ्याने दुपारी चारलाच आवरावं. एसटी त्यानंतरही मिळत राहते. म्हणून सकाळी समुद्र शांत असताना बोटीने जावं आणि संध्याकाळी एसटीने यावं, हा सर्वात चांगला बेत. रविवारी मात्र उलटं करावं. रविवारी संध्याकाळी मुंबईकडे परतणाऱ्या गाड्या वडखळ आणि पेणजवळ तुंबतात आणि दोन तासांचे चार होतात. जमत असेल तर रविवार सोडूनच द्यावा. एखाद्या बुधवारी पंचमी आली तर एक रजा टाकावी आणि पहाटेच घर सोडावं.