गिरणी सुटल्यानंतरची शाळा

18 जानेवारी 1982 पासून मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. त्याच्याबद्दल, जमिनींबद्दल, घरांच्या सोडतीबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. पस्तिशी-चाळिशीत बेकार झालेल्या गिरणी कामगाराला पुन्हा शिकायचं असतं तर काय सोय होती, हे मात्र फारसं कुणी तपासलं नाही.

संपाआधीही शिकणं सोपं नव्हतं. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापूरकडून आलेली कितीतरी पोरं अर्धवट शाळा सोडून गिरणीच्या खात्यात चिकटलेली. गिरणगावात रात्रशाळा होत्या. पण दुसरी पाळी दुपारनंतर लागायची ती मध्यरात्रीपर्यंत. पाळी बदलली की शाळा बुडाली. बदली कामगाराला तर आज काम आहे की नाही, हे गिरणीच्या दारात गेल्यावरच कळायचं. संपानंतर वेळच वेळ मिळाला, तेव्हा चूल पेटवायची कशी हा प्रश्न होता.

या सगळ्या काळात एकदाच योग्य संधी आली होती असं मला वाटतं. सप्टेंबर 1986 मध्ये केंद्र सरकारने वस्त्रोद्योग कामगारांसाठी पुनर्वसन निधी सुरू केला. गिरणी कायमची बंद झाली तर पात्र कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50 आणि तिसऱ्या वर्षी 25 टक्के मदत. तीन वर्षं! दहावीची परीक्षा देऊन आयटीआयचा एखादा ट्रेड पुरा करायला एवढा अवधी पुरला असता. पण या पैशाला शिक्षणाची जोड कुणी दिली नाही. दुसऱ्या कामात जम बसेपर्यंतचा तो आधार होता, आणि नोंदणीकृत कारखान्यात नोकरी लागली की तोही थांबायचा. शिवाय गिरणी कागदोपत्री बंद असावी लागे. मुंबईत अनेक गिरण्या धड चालूही नव्हत्या आणि धड बंदही नव्हत्या.

1992 साली राष्ट्रीय नवीकरण निधी आला. पुनर्प्रशिक्षण हा त्याचा जाहीर हेतू होता. बहुतेक पैसा गेला सरकारी कारखान्यांच्या स्वेच्छानिवृत्तीवर. ते समजण्यासारखं आहे: रक्कम दिली की फाइल बंद होते, बेचाळीस वर्षांच्या साचेवाल्याला नवं काम शिकवायचं तर शिक्षक, यंत्रं, आणि शिकेपर्यंत त्याच्या घरचा किराणा, सगळंच लागतं. तोवर भिवंडीच्या यंत्रमागांनी त्याचं जुनं कसब कमी मजुरीत, दाखला न विचारता घेतलं होतं. कित्येक जण वॉचमन झाले.

आणि खाणावळी चालवणाऱ्या बायका? कामगारांच्या डब्यांवर त्यांची घरं चालायची. गिरणी बंद पडल्यावर त्यांचंही काम गेलं, पण हजेरीपटावर नाव नसल्याने कुठल्याच निधीच्या लेखी त्या बेकार नव्हत्या.

दरम्यान 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. शाळा अर्धवट सुटलेल्यांनाही बारावी न करता पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीकडे जाता येऊ लागलं. हे मोठं काम होतं, यात शंका नाही. फक्त पुस्तकं घरी आली तरी चाळीतल्या एका खोलीत ती उघडून बसायला जागा कुठली, हा प्रश्न विद्यापीठाच्या आवाक्यातला नव्हता. आणि नोकरीच्या जाहिरातीतली ‘बारावी उत्तीर्ण’ ही अट तशीच राहिली.

मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत, गिरण्यांच्या जमिनींविषयीच्या 58 व्या नियमात, एक गंमत होती. त्या जागेवरच्या नव्या व्यवसायात कामगाराला किंवा त्याच्या घरातल्या एकाला नोकरी द्यावी, आधी प्रशिक्षणही द्यावं, असं त्यात म्हटलं होतं. मात्र उमेदवाराकडे आवश्यक पात्रता किंवा कौशल्य हवं, अशी अट होती. या दोनतीन शब्दांतून किती जण आत गेले आणि किती बाहेर राहिले, ते लोअर परळच्या काचेच्या इमारतींच्या फाटकांवर कुणीही पाहून घ्यावं.

पुढचं थोडक्यात सांगता येईल. मे 2017 मध्ये शासनाने दिवसाच्या शाळेत नोकरी असलेल्या शिक्षकांची रात्रशाळेतली दुबार सेवा थांबवली, आणि मुंबईतल्या रात्रशाळांना शिक्षकांची चणचण जाणवली. 2022 पासूनचा ‘उल्लास’ कार्यक्रम पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी आहे, शिकवणारे स्वयंसेवक. सातवीपर्यंत शिकून काम गेलेला माणूस त्यात बसत नाही. त्याच्यासाठी असतो बाहेरून दहावी-बारावीला बसण्याचा 17 नंबरचा फॉर्म. त्या फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो; तो असतो गावच्या शाळेत; तिथे जायचं तर गाडीभाडं आणि मजुरी दोन्ही जातात. समजा, छत्तिसाव्या वर्षी तो दहावी झाला आणि अडतिसाव्या वर्षी बारावी. राज्य सरकारी नोकरीत खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 2016 मध्ये वाढवून 38 केली आहे.