मोटारसायकलस्वाराचे कान

मोटारसायकलवरून लांबचा प्रवास करणारा मनुष्य डोक्याची, हातांची, गुडघ्यांची काळजी घेतो. कानांची मात्र घेत नाहीं. मुक्कामावर पोहोंचल्यावर कानांत बारीक शीळ वाजत असते, समोरच्या माणसाचें बोलणें कापसांतून आल्यासारखें वाटतें. रात्रीं झोंप झाली, सकाळीं सारें पूर्ववत् झालें, म्हणजे तो तें विसरून जातो. ही शीळ प्रवासाचा थकवा नव्हे. ती कानांची तक्रार आहे. तिचें कारण काय, आणि तिच्यावरील साधा उपाय, म्हणजे कानांत घालावयाचीं बुचें, कशीं निवडावीं, एवढ्याचाच विचार आज करूं.

बहुतेकांची समजूत अशी कीं, हा त्रास एंजिनाच्या धडधडाटाचा असतो. गाडी मंद आवाजाची असली म्हणजे कानांना भय नाहीं. वस्तुस्थिति निराळी आहे. ताशीं साठ-पासष्ट किलोमीटरच्या पुढें वेग गेला कीं, एंजिनापेक्षां वाऱ्याचाच आवाज मोठा होतो. शिरस्त्राणावर, म्हणजे ज्याला आपण हेल्मेट म्हणतों त्याच्यावर, आदळून फुटलेली हवा त्याच्या कवचाशीं, आणि विशेषतः हनुवटीखालच्या उघड्या कडेशीं, भोंवरे करते. त्यांची खळबळ कानाशीं गडगडाटाच्या रूपानें पोहोंचते. गाडीपुढील कांच आखूड असली, तर तिच्या वरच्या कडेवरून सुटलेला प्रवाह नेमका शिरस्त्राणावर येतो आणि आवाज कमी होण्याऐवजीं वाढतो. शिरस्त्राण डोकें वांचवितें. परंतु या खर्जांतील गोंगाटाला तें फारसें अडवूं शकत नाहीं.

आवाजाची तीव्रता डेसिबेल या मापानें मोजतात. तीन डेसिबेल वाढले कीं आवाजाची शक्ति दुप्पट होते, असें हें माप आहे. अमेरिकेंतील निऑश या संस्थेनें १९९८ सालीं कामगारांसाठीं सुचविलेली मर्यादा अशी: ८५ डेसिबेलांचा आवाज दिवसांतून आठ तास, आणि पुढें दर तीन डेसिबेलांना वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला अवघीं पंधरा मिनिटें. शिरस्त्राणाच्या आंत मोजलें असतां ताशीं साठ किलोमीटरला सुमारें ९० डेसिबेल, आणि शंभराच्या पुढें १०० च्या आसपास आवाज आढळतो. गाडी, शिरस्त्राण आणि स्वाराची उंची यांप्रमाणें तो कमीअधिक होतो. आतां पुण्याहून कोल्हापूरला निघालेल्या स्वाराचा हिशेब करा. अंतर सुमारें सव्वादोनशें किलोमीटर. ताशीं ऐंशीच्या वेगानें जवळजवळ तीन तास. कानाशीं ९४ डेसिबेल धरले, तर त्याच्या कानांचा दिवसाचा वांटा सातारा येण्यापूर्वींच संपलेला असतो.

वांटा संपल्यावर काय होतें? कानाच्या आंत, गोगलगाईच्या शंखासारख्या एका भागांत, सूक्ष्म केश धारण करणाऱ्या पेशी असतात. प्रत्येक कानांत सुमारें पंधरा हजार. ध्वनीच्या कंपनांचें संवेदनेंत रूपांतर त्याच करतात. माणसाच्या कानांतील या पेशी एकदां मेल्या म्हणजे पुन्हां उत्पन्न होत नाहींत. गोंगाटानें प्रथम मरतात त्या सेकंदाला ४००० कंपनांच्या आसपासचा, म्हणजे वरच्या पट्टींतील, आवाज टिपणाऱ्या. म्हणून आरंभीं आपण बहिरे होत आहों असें कोणाला वाटतच नाहीं. बोलणें ऐकूं येतें, पण नीट समजत नाहीं; कारण स्वरांचा जोर खालच्या पट्टींत, तर स, श, त अशा व्यंजनांची ओळख वरच्या पट्टींत असते. ताप, साप आणि शाप हे तीन शब्द अशा कानाला सारखेच वाटूं लागतात. घरचीं माणसें म्हणतात, ‘हल्लीं यांचें लक्षच नसतें.’ लक्ष असतें. ऐकण्याचें साधन झिजलेलें असतें.

यावर कोणी विचारील कीं, कान बंद केल्यावर मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगा कसा ऐकूं यावा? शंका रास्त आहे. परंतु बूच गोंगाट आणि भोंगा दोहोंनाहि खालीं आणतें. गोंगाटाहून मोठा असलेला भोंगा मोठाच राहतो. इतकेंच नव्हे, तर अतिशय मोठ्या आवाजानें गांगरलेला कान बूच घातल्यावर अधिक स्पष्ट ऐकतो. प्रखर उन्हांत काळा चष्मा लावून रस्ता नीट दिसावा, तसेंच हें आहे. मात्र ज्यांना आधींच कमी ऐकूं येतें, त्यांच्या बाबतींत असें घडेलच असें नाहीं. त्यांनीं कानाच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि शहरांतील मंद रहदारींत, जेथें वाऱ्याचा गोंगाटच नसतो, तेथें बुचें घालूं नयेत.

आतां निवडीकडे वळूं. कापसाचा बोळा हा आपल्याकडील जुना उपाय. परंतु त्यानें आवाज फारच थोडा अडतो. मेणाची युक्ति त्याहून जुनी आहे. ग्रीक कथेंतील ओडिसियसानें खलाशांच्या कानांत मेण घातलें होतें, आणि जर्मनींत १९०७ सालीं निघालेल्या मॅक्स नेगवेर यांच्या कारखान्यानें मेण व कापूस यांच्या गोळ्या प्रसिद्धीस आणल्या. झोंपेसाठीं त्या चांगल्या. आपल्या उन्हाळ्यांत शिरस्त्राणाखालीं त्या चिकट होतात.

आज सर्वांत स्वस्त आणि पुष्कळ आवाज अडविणारें बूच फोमचें. दाबला असतां सावकाश फुगून पूर्वाकारास येणारा हा फोम अमेरिकेंत रॉस गार्डनर व त्यांचे सहकारी यांच्या १९६७ च्या सुमाराच्या प्रयोगांतून पुढें आला. दुसरा प्रकार रबरासारख्या सिलिकोनच्या, कंगोरे असलेल्या, तयार आकाराच्या बुचांचा; तीं धुवून पुन्हां वापरतां येतात आणि रस्त्यांत चटकन् घालतां येतात. यांपैकीं कांहींत बारीक चाळणी बसविलेली असते, तिच्या योगानें बोलणें व भोंगे कमी दबतात. तिसरा प्रकार कानाचा ठसा घेऊन बनविलेल्या बुचांचा. तीं महाग पडतात, पण ज्याला महिन्यांतून अनेकदां लांब जावें लागतें आणि ज्याच्या कानांत तयार बुचें टिकत नाहींत, त्याला तो खर्च जड वाटूं नये.

डबीवर एक आंकडा छापलेला असतो; युरोपांत त्याला एस्-एन्-आर् व अमेरिकेंत एन्-आर्-आर् म्हणतात. हा आंकडा प्रयोगशाळेंतील असतो. एन्-आर्-आर् असेल तर त्यांतून सात वजा करून बाकी निम्मी करावी, अशी तेथील कामगार-सुरक्षा खात्याची एक रीत आहे. ३३ चे अशा रीतीनें १३ उरतात आणि २७ चे १०. आपल्या स्वाराचे ९४ डेसिबेल पहिल्यानें ८१ वर, तर दुसऱ्यानें ८४ वर येतात. दोन्हींनीं काम भागतें. तेव्हां मोठ्या आंकड्याच्या मागें न लागतां जें बूच तीन तास कानांत सोसवेल तें घ्यावें. कारण शंभर डेसिबेलांच्या गोंगाटांत तीस डेसिबेल अडविणारें बूच तासांतून सहा मिनिटें काढलें, तर त्या तासाचें संरक्षण जेमतेम दहा डेसिबेल उरतें.

बूच घालण्याची रीत निवडीइतकीच महत्त्वाची आहे. स्वच्छ हातांनीं फोमची बारीक, सुरकुती नसलेली वळकटी करावी. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर व मागें ओढावी, वळकटी आंत सारावी आणि अर्धें मिनिट बोटानें धरून ठेवावी. मग दोन्ही कानांवर तळहात घट्ट दाबून पाहावे. आवाज आणखी पुष्कळ कमी झाला, तर बूच नीट बसलेलें नाहीं. बुचाचें टोंक कानाबाहेर येतां कामा नये, नाहीं तर शिरस्त्राण घालतांना तें ओढलें जातें किंवा दुखतें. काढतांना हळूहळू पिळून काढावें. मळलेलीं फोमचीं बुचें फेंकून द्यावीं. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावांचून कांहींच घालूं नये. बुचांच्या जागीं गाण्याचे इअरफोन घालणें हा उपायच नव्हे. गोंगाटावर गाणें ऐकूं यावें म्हणून आवाज चढवावा लागतो आणि कानांवरील भार वाढतो.

म्हणून प्रथम दोन-तीन प्रकारचीं स्वस्त बुचें आणावीं, घरीं शिरस्त्राण घालून तासभर बसून पाहावें, आणि जीं टोंचत नाहींत व सुटत नाहींत त्यांची एक डबी कोटाच्या खिशांत कायमची ठेवावी. आपल्या घरांतील कोणी मोटारसायकलवरून लांब जात असेल, तर निघतांना शिरस्त्राणाबरोबर या डबीचीहि त्याला आठवण करावी.